दिनेशने जुळवलेला कॉम्प्युटर

चंद्रपूर
६ नोव्हेंबर २०२४

चि. संघपाल यास ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तिकडचा टॉवर पुन्हा झोपलेला दिसतो. बरंच झालं. फोन लागला तरी आई तुझ्या हातातून घेते, मी जेवले का एवढंच विचारते आणि ठेवून देते. कागदावर निदान तुझ्याशी नीट बोलता येतं.

तू सांगितलेले पार्ट दिनेशला त्याच्या दुकानात वाचून दाखवले. त्यानं डोक्याला हात लावला. रॅम तू डीडीआर-पाच निवडलीस आणि मदरबोर्ड डीडीआर-चारचा. त्या खाचेत ती बसणारच नाही म्हणे. ग्राफिक्स कार्ड तर कॅबिनेटहून लांब. तुझा भाऊ मांडव लहान न वरात मोठी करून राह्यला, असं म्हणून तो दुकानभर हसला. पण एटापल्लीत व्होल्टेज वरखाली होतं म्हणून एसएमपीएस चांगल्यातला हवा, हे तू आठवणीनं सांगितलंस, त्याचं त्याला फार कौतुक. बाकीचे पार्ट तोच जुळवतोय. साक्षगंधाला येताना कॉम्प्युटर स्वतः घेऊन येणार, साळ्याचा मान आहे म्हणतो. धान निघालं की तारीख धरू, असं बाबांना सांग.

थंडी पडली आहे. पायमोजे घाल, पाणी पी, गोळी चुकवू नकोस. आईबाबांना जयभीम. तुझा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
नूतनताई


एटापल्ली
१४ नोव्हेंबर

ती. नूतनताई (लवकरच सौ.) हिस संघपालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मांडव आणि वरात वाचून बाबाही हसले. माझी चूक झाली खरी. शेजारच्या गोपालच्या कॉम्प्युटरमध्ये त्याच नावाचा बोर्ड आहे, त्यावरून मी रॅम ठरवली. एकाच नावाचे दोन बोर्ड निघतात हे मला काय माहीत? भाऊजींना सांग, कार्ड आखूड चालेल, पण गेम अडखळायला नको.

मागल्या आठवड्यात गुडघे धरले होते. दवाखान्यात दोन सलाइन लावल्या. आता बरा आहे, आणि हातांना काही झालेलं नाही, म्हणजे खेळायला मोकळा.

आईनं मात्र एक धोशा लावलाय. बोलणी झाली तेव्हा बाबांनी सिकलसेलच्या रक्ततपासणीचं कार्ड मागितलं, तर भाऊजींच्या मोठ्या भावाचं दाखवलं. त्यात काही नव्हतं आणि बाबांनी सगळ्या घरालाच पास करून टाकलं. आई म्हणते, भाऊ चांगला निघाला म्हून ह्याचंही रक्त तसंच राहीन काऊन? मी म्हणालो, एवढा धडधाकट माणूस, त्याला काय होणार. मग तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. तीही धडधाकटच आहे, बाबाही, दोघंही या आजाराचे नुसते वाहक, आणि मी हा असा. तूही वाहक आहेस. तेव्हा एकदा त्यांचं रक्त तपासून घे, म्हणजे आई झोपेल.

भाऊजींना जयभीम. साळ्यावर मेहेरबानी असू द्या म्हणावं.

तुझा,
संघपाल


चंद्रपूर
२ डिसेंबर

चि. संघपाल यास सप्रेम जयभीम. वि. वि.

आईचं खरं निघालं. दिनेशही वाहक आहे. रिपोर्ट दोनदा काढला.

लग्न होणार नाही. मीच नाही म्हटलं. तो खूप समजावत होता. आजकाल दिवस गेल्यावर तपासणी होते, मूल आजारी निघणार असेल तर आधीच कळतं, चारातली तीन मुलं तर ठणठणीतच असतात, असं सगळं डॉक्टरांना विचारून आला होता. मी त्याला म्हटलं, चौथं मूल काय असतं ते मी घरात पाहिलं आहे.

बाबांना दोष देऊ नका. आईला तूच सांग, माझ्यानं फोनवर होणार नाही. मी कामावर जाते, डबाही खाते. पण त्याच्या दुकानाची गल्ली आली की पाय थांबतात रे.

तुझी,
ताई


एटापल्ली
९ डिसेंबर

ती. ताईस जयभीम.

आईला सांगितलं. ती चुलीपुढे बसून राहिली. बाबा धानाच्या ढिगाजवळ गेले ते अंधार पडेपर्यंत आलेच नाहीत.

चौथं मूल म्हणजे मीच ना, ताई? माझ्यासारखं पोर पोटी यायला नको म्हणून तू एवढा चांगला माणूस सोडलास. मी रात्री कण्हायचो तेव्हा तू पाय दाबत बसायचीस, मला वाटायचं तुझी माझ्यावर माया आहे. तेव्हाही तू मनात हेच म्हणत होतीस का, की असलं मूल कुणाला होऊ नये?

मला दुखतं ते खरं. पण मी काही फक्त दुखत नाही. मी कॅरममध्ये बाबांना हरवतो, बारावी पास झालो, आणि मला जगायला आवडतं. हे तुला कधी दिसलंच नाही का?

कॉम्प्युटर नको. भाऊजींना सांग, पार्ट विकून टाका.

संघपाल


चंद्रपूर
१६ डिसेंबर

माझ्या संघपालला ताईचा जयभीम आणि पोटभर माया.

तुझं पत्र मी वाचलं आणि मग जेवले नाही. सगळं दिसलं रे मला. म्हणूनच तर हे झालं.

दिनेश म्हणाला, तपासणीत आजार निघाला तर ते मूल ठेवायचं नाही, सोपं आहे. त्याला सोपं वाटलं, कारण त्यानं तुला फोटोतच पाहिलंय. मला मात्र त्या रिपोर्टवर तुझा चेहरा दिसला. कॅरममध्ये बाबांना चिडवणारं, मदरबोर्डावरून माझ्याशी भांडणारं पोर, आणि त्याला मी नको म्हणायचं? ते मला या जन्मी जमणार नाही. आणि होऊ दिलं, तर त्याचं कण्हणं पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं, तेही जमणार नाही. मूल नकोच, आपण दोघंच राहू, असंही मी म्हणाले. मला बाप व्हायचं आहे नूतन, एवढंच तो बोलला. खोटं बोलला नाही, म्हणून त्याचा रागही येत नाही. मी तुला नाकारलं नाही, संघपाल. तुला नाकारता येईना, म्हणून त्याला सोडलं.

पार्ट विकायला मी सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही. सगळं जुळवून, चालवून पाहून, खोक्यात नीट बांधलंय. रविवारच्या एसटीनं तो स्वतः घेऊन येतो आहे. शब्द दिला होता म्हणतो. तू रुसून बसू नकोस. त्याला शेजारी बसव, एखादा गेम त्याच्यासोबत खेळ, आणि आईला सांग, त्याला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नको, वांग्याची भाजी त्याला आवडते. त्यानं माझं विचारलं तर बरी आहे म्हण. आणि तो कसा दिसला, ते मला लिहू नकोस.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
ताई