कडेवर

मंचर, १२ जानेवारी २००४

माझ्या आईस,

आज गुडघ्यांचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकलेत, म्हणून सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडतो आणि तिथली गादी झिजली आहे. मी भीत भीत विचारलं, "लहानपणी कडेवर घेतल्यामुळे का?" ते हसले. "त्यानं काही होत नसतं. ही ठेवण बहुतेक घराण्यातून येते. वडिलांकडे कुणाचे आहेत का असे पाय?"

मला आत्या आठवली. "चिमे, कडंवर घेऊन घेऊन पोरीचं पाय वाकडं केलंस तू," असं ती तुला म्हणायची. तिचे स्वतःचे पाय लुगड्याखाली झाकलेले असायचे, पण तिच्यामागून चालताना ते डुलणं मी कितीदा पाहिलंय. तू मात्र तेव्हापासून मला कधी उचलून घेतलं नाहीस. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सोडतानासुद्धा मी रडत होते आणि तू नुसतं माझं बोट धरून उभी होतीस.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पिंपळवंडीला आलेलं पत्र तुला आत्याच वाचून दाखवते, आणि या वयात तिला दुखवायचं नाही. रविवारी मीच येते. ओट्याच्या पायऱ्या चढताना माझ्या कमरेला हात घालून मला जवळ घे. आत्या समोर बसलेली असली तरी.

तुझी,
शशी