पालकाची सही

पोशेरा, रविवार

कमलेश,

काल तुला जव्हारच्या वसतिगृहात सोडून आलो. घर शांत आहे, पण ते तसं बऱ्याच वर्षांपासून आहे.

चौथीत असताना तू मैदानात पडलास. गुडघा फुटला, आणि "बाबा, बाबा" करत माझ्या वर्गात धावत आलास. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "शाळेत सर म्हणायचं." पोरं हसली. मास्तर स्वतःच्या पोराचे लाड करतो असं गावाने म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून खिचडीच्या रांगेत तुला शेवटी उभं केलं. चूक कोणाचीही असो, पहिली शिक्षा तुला.

तू शिस्तीचा. हळूहळू घरीसुद्धा मला हाक मारायचं सोडलंस. "जेवण वाढलंय," एवढंच दारातून सांगायचास. मला वाटायचं, पोरगा मोठा झाला.

काल रेक्टरांनी तुला विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

"आमचे सर."

"आणि वडील?"

"ते नाही आले."

तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. रेक्टर मला म्हणाले, "सर, फॉर्मवर पालकाची सही राहिलीय. वडिलांना पाठवून द्या." मी म्हणालो, "पाठवतो."

हे पत्र टाकणार नाही. मुलांचं टपाल रेक्टर वाचतात, तू त्यांच्यासमोर खोटा ठरशील. पण येत्या शनिवारी सही करायला तुझा बाप येईल; कालचं खोटं माझ्यामुळे होतं, हे रेक्टरांना मीच सांगेन. जमलं तर ओळख दाखव.

बाबा