ओठावरचा फोड

रत्नागिरी, रविवार, तिन्हीसांज

मुंबईहून काल आलेला नवरा माझ्या ओठावरचा फोड बघून मोबाइलमध्ये शोधत बसला आणि म्हणाला, "हा हर्पीस आहे, चुंबनातून लागतो. कुणाकडून आणलास?"

कुणाकडून! कॉलेजात विषाणू शिकवणाऱ्या बाईला विचारतो. सांगितलं, "बहुतेकांच्यात लहानपणीच शिरतो, मज्जातंतूच्या पेशीत झोपून राहतो. पेशी त्याची जनुकं बंद ठेवते. अंगावर ताण आला की पेशीचीच प्रथिनं ती जनुकं उघडतात आणि फोड येतो."

"मग नेमका आत्ताच?"

"तुमची आई अंथरुणाला खिळलीय आणि तिचं सगळं मी एकटी करत्येय, म्हणून!" ओरडले का? हो, ओरडलेच. कुणाकडून, म्हणे!

तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. मी उठले नाही. शेवटी तोच आत गेला आणि बेडपॅन कुठे असतं विचारत बाहेर आला. मी नुसतं बोट दाखवलं.