आजोबा अबोल नव्हते

प्रिय चिमणे,

पाच आठवडे झाले, तू घरी आलेली नाहीस. फोन करतेस, गोळ्या घेतल्या का विचारतेस आणि 'बरं, ठेवते' म्हणतेस. भांडली असतीस तर मीही चार शब्द सुनावले असते. पण पेशंटशी बोलावं तसं तू माझ्याशी बोलतेस, त्याच्यापुढे मला काही सुचत नाही. म्हणून कागद घेऊन बसले आहे.

आधी त्या सभेचं सांगते. आमच्या बंद पडलेल्या शाळेत निर्वासितांची चाळीस कुटुंबं ठेवायची की नाही, यावर सगळे तावातावाने बोलत होते. मी उठले आणि सभागृह चिडीचूप झालं. होणारच, निम्म्या लोकांनी लहानपणी माझ्या हातची पट्टी खाल्लेली. शुद्ध बोलण्यासाठी धारेवर धरणाऱ्या 'उच्चारवाल्या बाई' काय म्हणतात, याकडे सगळ्यांचे कान. मी म्हणाले, "ज्यांना आपली भाषा धड बोलता येत नाही, ते आपले कसे होणार? त्यांची सोय दुसरीकडे करा." टाळ्यांचा कडकडाट झाला. तू तिसऱ्या रांगेतून उठलीस आणि माझ्याकडे न बघता निघून गेलीस. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या मला गोड लागल्या. जन्मभर मी त्यांचीच वाट बघत होते, हे मात्र तेव्हा कळलं नव्हतं.

पुढे वरून हुकूम आला आणि ती माणसं शाळेत राहायला आलीच. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराने पत्रक छापलं. वर माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात, 'अस्सल इथल्या बाई काय म्हणतात ते ऐका.' मी ते घडी घालून कपाटात ठेवलं. फेकलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या जुन्या हेडबाईंचा, आता त्याच तिथली व्यवस्था बघतात, निरोप आला, त्या बायकांना दुपारी तासभर भाषा शिकवाल का? आधी मी साफ नाही म्हणाले. मग वाटलं, जाऊन तर बघू. यांना काही जमायचं नाही, हे सांगायला मी मोकळी. माझाच जुना वर्ग होता. बारा बायका लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेल्या. मी एकच शब्द वीस वेळा म्हणून घेतला, प्रत्येकीला तोडून बोलले. मागच्या बाकावर साठीची एक बाई होती, तिकडे सुईण होती म्हणे. ती शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाली, "ही रागीट नाही गं, घाबरलेली आहे."

ती त्यांच्या भाषेत बोलली होती, आणि मला शब्दन् शब्द कळला. माझा चेहरा पडला असणार. सुईणीने ते पाहिलं, ओळखलं आणि मान खाली घालून वहीत लिहायला लागली. त्यानंतर तिने कुणापाशी ब्र काढला नाही.

चिमणे, मी नऊ वर्षांची असताना माझ्या वडिलांचं, तुझ्या आजोबांचं, बोट धरून सरहद्द ओलांडली. तुझी आजी वाटेतच तापाने गेली. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी मी एक वाक्य बोलले आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर सात महिने मी तोंड उघडलं नाही. पोरी मला मुकी म्हणायच्या. शेजारच्यांचा रेडिओ लागला की भिंतीला कान लावून मी एकेक शब्द ओठांतल्या ओठांत घोटायची. बोलायला लागले तेव्हा कुणाला ओळखू आलं नाही. त्या दिवसापासून मी इथली झाले, आणि कुणी ते काढून घेईल ही धास्ती तेव्हापासून पोटात आहे.

आजोबांची जीभ काही वळली नाही. लाकडाच्या वखारीत ओझी उचलून ते दमून यायचे, मधल्या सुट्टीत माझा डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे. एकदा मैत्रिणीने विचारलं, "हे कोण गं?" मी म्हणाले, "आमच्याकडे कामाला आहेत." त्यांनी ऐकलं. डबा माझ्या हातात दिला आणि गेले.

लग्न होऊन या गावात आले, ते त्यांना बरोबर घेऊनच. तुझ्या बाबांना सगळं ठाऊक होतं, ते कधी टोचून बोलले नाहीत. तुझ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा मी आजोबांना सांगितलं, "बाळासमोर बोलू नका. तिची जीभ बिघडेल." त्यांनी नुसती मान हलवली. तू विचारायचीस, आजोबा गोष्ट का सांगत नाहीत? मी म्हणायची, अगं, ते अबोल आहेत. ते अबोल नव्हते, चिमणे. तिकडे त्यांच्या गोष्टी ऐकायला अख्खी गल्ली जमायची. तुझी चौदा वर्षं ते तुझ्याशी खुणांनी बोलले, आणि तसेच गेले.

मंगळवारी तुझ्या दवाखान्यात एका म्हातारीच्या हाताला तू सात टाके घातलेस. काच पुसताना लागलं, असं तिने तुला सांगितलं असेल. तीच ही सुईण. मी शिकवत असताना खिडकीची काच फोडून दगड आला आणि काचेने तिचा हात कापला. दगडाला गुंडाळलेल्या कागदावर माझा फोटो होता. तिचा हात रक्ताने भरलेला, तरी बाकीच्यांनी बघण्याआधी तिने तो कागद चुरगाळून माझ्या मुठीत कोंबला. मग हळूच त्या भाषेत म्हणाली, "बाई, गाव कुठलं तुमचं?" मी सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलीसारखं सांगितलं. माझी ती भाषा त्याच वयाला थांबली आहे, पुढे मी ती आजोबांशीसुद्धा बोलले नाही. ती ऐकत राहिली, हसली नाही.

रविवारी सकाळी अकराला पुन्हा सभा आहे. त्या लोकांना शाळेतून काढायचा ठराव आहे, आणि बोलणाऱ्यांत दुकानदाराने माझं नाव पहिलं घातलं आहे. मी बोलणार आहे. मी कुठून आले ते सांगणार आहे, आधी त्या भाषेत, मग इथल्या. लोक काय करतील माहीत नाही. रविवारपासून गाव तुलाही निराळ्या नजरेने बघेल, दवाखान्यात कुणी तुझ्या हातून इंजेक्शनही घेणार नाही कदाचित. म्हणून हे तुला इतरांकडून कळू नये असं वाटलं. तू सभेला आलीस तर बरं वाटेल. नाही आलीस तरी समजेन. पण तिकडचं जे काही होतं, त्यात तुझाही वाटा होता, आणि तो मी तुला न विचारता पुरून टाकला. त्याची माफी सभेत मागता येणार नाही. ती तुझ्याकडेच मागायची होती.

तुझीच,
आई