पाहुणी आलेली माती

टेकवस्ती, ता. सिन्नर
२३ जून २०२५

चि. रविराज भाऊजींना लंकावहिनीचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तुम्ही कंपनीत मशीनवर असता, म्हणून कागद धरला. कागद कट करता येत नाय.

कळवायला आनंद होतो की तुमचं वरचं रान सुखरूप आमच्याकडे पोचलं. शनिवारच्या पावसात न सांगता आलं आणि आमच्या कांद्याच्या रोपावर पसरून निजलं. मागल्या साली ट्रॅक्टरवाल्या काळूला सांगून तुम्ही मधला बांध नांगरून घेतला. पेरायला चार तासं, चार ओळी जास्त मिळाल्या म्हणून केवढे खूश होता! वर नांगरट उताराच्या दिशेनं, का तर ट्रॅक्टर कमी वळवावा लागतो.

तुमचे दादा म्हणतात, नोकरी सोडून तुम्ही द्राक्षबाग लावायला याल, तेव्हा वर नुसता मुरूम उरलेला असेल. मला खरंच काळजी वाटते. या, आडवा बांध घालू.

माया असू द्या, थोडी मातीवर पण.
लंका

सातपूर, नाशिक
१ जुलै

ती. वहिनींना शि. सा. न.

पत्र पोचलं, टोमणेही पोचले. पाऊस मी पाडला नाही, एवढं दादाला सांगा. लोक पैसे मोजून धरणातला गाळ रानात टाकतात, तुम्हाला तो घरपोच मिळाला. आभार राहिले बाजूला!

बांध घातला तर माझं तेवढं रान अडणार. हवाच असेल तर तुमच्या हद्दीत घाला, मी नारळ फोडायला येतो. परवाच काळूकडून सोयाबीन पेरून घेतलंय. फोटोतल्या सरळ रेघा बघून आमचे साहेबसुद्धा बघत राहिले.

कैरीचं लोणचं पाठवा. राग धरू नये.
तुमचा लाडका दीर,
रविराज

टेकवस्ती
१६ जुलै

चि. रविराज भाऊजींना आशीर्वाद.

आज्ञेप्रमाणे बांध आमच्या हद्दीत घातला. माती बाहेरून आणली नाय, तुमचीच वापरली. नारळ मीच फोडला, खोबरं गोड निघालं.

दुसरी खुशखबर अशी, की तुमचं सोयाबीन लय जोमात उगवलंय. आमच्या बांधाला टेकून. दाट, रेघबिघ काय नाय.

वर मात्र पांढरा मुरूम उघडा पडलाय. मामंजींनी डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहून भरलेलं रान ते. काल तुमचे दादा तिथं उभे राहिले आणि घरी येऊन जेवले नाय. मस्करी करता करता माझे पण डोळे भरले. कापणी कुणी करायची, ते साहेबांना विचारून कळवा.

लोणचं पाठवत नाय, पण जीव आहे तुमच्यावर.
लंका

सातपूर
२२ जुलै

ती. वहिनींना शि. सा. न.

रविवारी चोरून येऊन गेलो. वर उभा राहिलो, खाली यायला तोंड नव्हतं. चार तासांसाठी अख्खं रान घालवलं, एवढा हुशार आपल्या घराण्यात दुसरा नाही. येत्या रविवारी बांध घालायला येतो. कुदळ आणतो. आणखी काय आणू? हसू नका.

रविराज

टेकवस्ती
२५ जुलै

चि. भाऊजी,

हसले. पोट धरून हसले. दादांना वाचून दाखवलं, ते पण हसले.

कुदळ घरात आहे. आधी तुमच्या हद्दीत आडवा बांध, मगच माती वर न्यायची. येताना ती आपल्या पायांनी आली, जाताना डोक्यावर बसून जाणार म्हणते. लोणचं मुरलंय, भाकरी तिथंच खाऊ.

पाट्या दोन काढून ठेवल्यात. एक तुमची, एक माझी.

लंकावहिनी