गॅरेजमधलं दूध

३ डिसेंबर

जुना फ्रिज गेला एकदाचा गॅरेजमध्ये. आमचा नॉर्मन आणि शेजारचा अ‍ॅलन, दोन म्हातारे, कण्हत-कुथत ढकलत घेऊन गेले. वर फ्रिज, खाली फ्रीजर, चांगला ठणठणीत चालतोय. भंगारात का द्यायचा? स्वयंपाकघरात नवा आला. पांढराशुभ्र, आवाज म्हणून नाही. अ‍ॅलनच्या कळपातलं अर्धं कोकरू घेतलं होतं, ते पिशव्या करून या नव्याच्या फ्रीजरमध्ये लावलं. नॉर्मन म्हणतो, आता बर्फात अडकलो तरी वसंतापर्यंत मरत नाही.

६ डिसेंबर

स्टुअर्टचा फोन. आमची नात नेल अजून काचेच्या पेटीतच. फेब्रुवारीत यायची पोर नोव्हेंबरातच आली, मुठीत मावेल एवढी. नळीतून दूध घेते, तेही थेंब-थेंब. आणि ब्रायनीला दूध भरपूर! मशीन लावून काढते, दिवसा काढते, रात्री काढते. हॉस्पिटलच्या फ्रीजरमध्ये आता जागा नाही. त्यांच्या फ्लॅटमधला तर काड्यापेटीएवढा. "आई, तुझ्याकडे ठेवशील का? ती मोठी होईल तसं लागेल."

मग ब्रायनी स्वतः फोनवर आली. "डोरीन, तुमच्याकडे नीट राहील ना?"

लग्न झाल्यापासून या मुलीने माझ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. मी केक पाठवला तरी आभाराचं कार्ड यायचं, दुकानातून आल्यासारखं. म्हटलं, अगं राहील म्हणजे काय!

८ डिसेंबर

स्टुअर्ट न्यूकॅसलहून बाटल्या घेऊन आला. बोटाएवढ्या बाटल्या, प्रत्येकीवर नेलचं नाव. गॅरेजच्या फ्रीजरमध्ये आडव्या रचल्या. त्याला सांगितलं, घरातल्यात कोकरू आहे, ब्रायनी मांस खात नाही, तिच्या दुधाशेजारी नको. "बरं सुचलं तुला आई," म्हणाला.

इथे कोण वाचतंय, म्हणून लिहिते. कोकरू काय, तासाभरात बाहेर नेता आलं असतं. मला कसंसंच झालं. बाईच्या अंगातलं दूध, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या वाटाण्यांशेजारी. स्टुअर्टला मी डब्याच्या दुधावर वाढवला. तेव्हा सगळ्याच तसं करायच्या, अंगावर पाजणं म्हणजे गावंढळपणा. असो. गॅरेजमध्ये हाडं गोठतात, फ्रीजरला तेवढंच काम कमी.

१४ डिसेंबर

नेलला पाहून आले. डोळे उघडते आता. ब्रायनी शेजारी मशीन लावून बसलेली, मशीनची घरघर चालू. चेहरा ओढलेला, डोळे आत गेलेले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "शाब्बास! अ‍ॅलनच्या गाईंना लाजवशील." हसली नाही. नर्स म्हणाली, "सोनं आहे हो ते, एक थेंब वाया घालवू नका." ब्रायनीने मान हलवली. मलाच बाई जिभेला हाड नाही.

१९ डिसेंबर

स्टुअर्टने आणखी आणून दिलं. खणात जागा होईना, माझा आइस्क्रीमचा डबा बाटल्यांवर कोंबला.

२३ डिसेंबर

बर्फ.

२७ डिसेंबर

कडाका! अंगणातला नळ गोठला. गाडीचं दार उघडेना, नॉर्मनने लाथ घातली, पाय मुरगळला. अ‍ॅलनच्या मेंढ्या भिंतीच्या आडोशाला एकमेकींवर चढून उभ्या. सगळं दरी-खोरं पांढरं. दुधाची काळजी नाही, एवढं एक बरं.

२ जानेवारी

वितळलं आज. पागोळ्या दिवसभर.

ब्रायनीला ताप. दूध एकदम आटलं तिचं. स्टुअर्ट रविवारी येतो, सगळ्या बाटल्या न्यायला. हॉस्पिटलवाले म्हणाले, साठवलेलं आहे ना, मग चिंता नाही.

३ जानेवारी

बाटल्या मोजून ठेवाव्यात म्हणून गॅरेजमध्ये गेले. आइस्क्रीमचा डबा बसलेला. त्यातलं सगळं खाली ओघळून बाटल्यांवर गोठलेलं, चिकट, पिवळं. एक बाटली हातात धरली. हॉस्पिटलात उभं गोठलेलं दूध आता आडवं गोठलं होतं. दुसरी. तिसरी. सगळ्या तशाच. म्हणजे वितळून पुन्हा गोठलं.

नॉर्मनला सांगितलं तर म्हणे, "थंडीत वितळलं? तुझं डोकं वितळलंय." मग फ्रिजच्या दुकानात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "बाई, असल्या फ्रिजला थंडी कळते ती फक्त वरच्या भागात. गॅरेजच गार पडलं की त्याला वाटतं, झालं आपलं काम. मोटर बंद. खालचा फ्रीजर मग वाऱ्यावर, गॅरेजइतकाच गार, आणि तेवढ्या गारव्यात बर्फ टिकत नाही. ऊब आली की पुन्हा चालू." वर म्हणाला, दर हिवाळ्यात फोन येतात असे.

दर हिवाळ्यात! मग मला कुणी कसं सांगितलं नाही? आणि मी तरी कुठे विचारलं.

४ जानेवारी

बाटल्या धुतल्या. वरचं आइस्क्रीम कोमट फडक्याने पुसून काढलं. छान दिसतात आता. घट्ट, पांढऱ्या.

का पुसल्या? ते मला ठाऊक आहे.

५ जानेवारी

स्टुअर्ट आला. चहाही न घेता पेटीत बाटल्या भरायला लागला. शीळ घालत होता. नेलचं वजन वाढलंय म्हणाला. मी दारात उभी. पेटीचं झाकण लावलं, उचलली, गाडीपर्यंत गेला. तेव्हा कुठे माझ्या तोंडून शब्द फुटला. "स्टुअर्ट, ते नेऊ नकोस."

सगळं सांगितलं. पुसल्याचंसुद्धा. त्याने पेटी खाली ठेवली, गाडीला टेकला. मग म्हणाला, "आई, तू बोलली नसतीस तर?"  

हॉस्पिटलने सांगितलं, फेकून द्या. नॉर्मन आणि तो एकेक बाटली गरम पाण्यात धरून गटारात ओतत होते. मी आत होते. पाण्याचा आवाज येत होता.

६ जानेवारी

ब्रायनीचा फोन. वाटलं होतं, आता धुवून काढणार. नाही. "तुम्हाला काय माहीत, डोरीन." आवाज तापाने बसलेला. मग म्हणाली, "घरातल्या फ्रीजरमध्ये जागा नव्हती का?"

"कोकरू होतं," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली.

१३ जानेवारी

नेल दुसऱ्या बायांच्या दुधावर आहे, थोडं डब्यातलंही देतात. वाढते आहे, देवाची दया. स्टुअर्ट म्हणतो, ब्रायनीने मशीन पुन्हा लावलं पण फारसं येत नाही. मला कुणी एका शब्दाने दोष देत नाही. अ‍ॅलनची बायको तर म्हणाली, आमचंही कुल्फ्यांचं असंच झालं होतं. कुल्फ्या! शिव्या घातल्या असत्या तर निदान भरपाई केल्यासारखं वाटलं असतं. माफी मिळाली ती अजाणतेपणाची. मी अजाण नव्हते. फ्रिजचं माहीत नव्हतं, पण ते दूध बाहेर का ठेवलं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

नॉर्मनने रविवारी कोकराची मांडी भाजली. मी ताट बाजूला सारलं. "बरं नाही का?" म्हणाला. म्हटलं, दात दुखतोय.

१९ जानेवारी

उद्या न्यूकॅसलला जाते. सांगून टाकणार. तोंड पाहायची नाही म्हणाली तर नाही. नातीचंही दिसायचं नाही मग. ती भीती आहे.

२० जानेवारी

हॉस्पिटलात ब्रायनी एकटीच होती, नेल छातीशी. मी बसले नाही. म्हटलं, जागा होती गं. मला किळस आली होती तुझ्या दुधाची.

ती नेलच्या डोक्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मलाही. त्या मशीनची, त्या वासाची, माझी स्वतःची. दूध गेल्याचं कळलं ना, त्या रात्री मी पहिल्यांदा झोपले. मशीन पुन्हा लावलंच नाही मी. हे स्टुअर्टला कळू देऊ नका."

"नाही कळणार," मी म्हटलं.