ओनो-सानच्या हातातलं पाणी

हिगाशी-कसाई, टोकियो
१७ एप्रिल २०११

चि. प्रसन्न,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे सुखरूप आहोत. अद्वयला दुसरा दात आला. श्रीहरीच्या ऑफिसला जायच्या ट्रेन आता बऱ्याच वेळेवर धावतात. भूकंपाचे धक्के अजून बसतात, पण भांडी वाजली की आधी गॅस बंद करायची सवय झाली आहे. इकडची खुशाली संपली.

परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, फोटोखालची ओळ मी लिहिली नाही, ती डेस्कवर लिहितात." बरं. मग तो फोटो डेस्कवर चालत गेला का?

फुकुशिमाच्या अणुभट्टीमुळे नळाच्या पाण्यात किरणोत्सर्ग सापडला, तान्ह्या मुलांना ते देऊ नका, असं सरकारनं सांगितलं, त्या दिवशी दुकानांत एक बाटली उरली नव्हती. तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरच्या ओनो-साननी भूकंपासाठी स्वतःपुरतं साठवलेलं पाणी बाहेर काढलं. लिफ्ट बंद होती. सत्तरी उलटलेली बाई दोन खोकी घेऊन जिने चढून आली आणि "बाळासाठी" एवढंच म्हणाली. मी दारातच फोटो काढला आणि तुला पाठवला. खाली लिहिलं, "बघ, तुझ्या भाच्याला इथे कोण सांभाळतं."

तुमच्या पेपरात तीच ओनो-सान, तीच खोकी, आणि खाली "टोकियोत घबराट, पाण्याची साठेबाजी"! केसानं गळा कापलास रे.

लंडनला गेलास तेव्हा नानांना तूच पत्रांतून समजावलं होतंस: तिकडे काही पेपर गंभीर, त्यांचा खप बेताचा, काही चटपटीत, ते धडाधड खपतात, आणि लोकांच्या परवाना-शुल्कावर चालणारं रेडिओ-टीव्ही, ज्याला सरकारही दटावू शकत नाही. नानांना तर लंडनची बातमी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तू पोटासाठी चटपटीत पेपरात गेलास, त्याला मी कधी नाव ठेवलं नाही. पण तुमच्या पेपरातलं चित्र एका चॅनेलनं 'आजचे पेपर' म्हणून दाखवलं, आणि तिथून ते इथल्या इंटरनेटवर आलं. कुणी कुणाला एक फोन करून विचारलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि तुडवली जाणार इथली म्हातारी.

ओनो-सान आमच्या इमारतीच्या रहिवासी मंडळात आपत्तीचं काम बघायच्या. "आम्हाला साठवू नका सांगून स्वतः काय केलं," अशी कुजबुज सुरू झाली. मी दारोदार जाऊन माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं. लोक वाकून "हो हो" म्हणाले. ओनो-साननी ते काम सोडलं. आता त्या कचरासुद्धा कुणी उठायच्या आत टाकून येतात.

आणि गेल्या रविवारी त्या माझ्याकडे आल्या. नीट कागदात बांधलेला मिठाईचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि कमरेतून वाकल्या. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, माफ करा." माझी माफी, प्रसन्न! इथली रीतच आहे ती, मला माहीत आहे. तरी मला तो डबा भिंतीवर आपटावासा वाटला. मी तो घेतला, त्यांना आत बसवलं आणि त्यांच्यासमोर ढसाढसा रडले.

तुझा निरोप मिळाला. "तक्रार केलीस तर माझं कंत्राट वाढवणार नाहीत, शिवानीला आता दिवस गेलेत, जरा समजून घे." मी तीन दिवस समजून घेत होते. खुलासा तूच छापून आणशील म्हणून वाटही बघितली. "आतल्या आत मिटवू" एवढंच तू म्हणत राहिलास.

शेवटी ओनो-सानना विचारलं. सगळं सांगितलं, तुझ्या नोकरीचंही. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुमच्या भावाला मूल होणार आहे. राहू द्या."

तरी काल मी तुमच्या पेपरकडे तक्रार पाठवली. फोटो मी काढला, विश्वासानं तुला दिला, आणि त्यामागचं खरं माहीत असून तू गप्प बसलास, असं नावानिशी लिहिलं आहे. तुला दुसरीकडून कळू नये म्हणून हे पत्र.

शिवानीला जप म्हणावं. तिच्यावर माझा राग नाही. ओनो-साननी तुला माफ केलं आहे. मी केलेलं नाही.

तुझी सख्खी बहीण,
जयमाला